विमान कंपन्यांत वरपर्यंत कोण पोचतं? इंजिनिअर, एमबीए की सेल्सवाला?

एज_डिस्टन्स

नमस्कार मंडळी, तीन वर्षं नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकलवाला, वय २८, हिंजवडीत एका इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या कंपनीत साडेपाच वर्षं स्ट्रेसमध्ये आहे. स्ट्रेस म्हणजे टेन्शन नाही (ते पण आहेच), विमानाच्या सांगाड्यावर किती भार येतो आणि तो टिकतो का याचं गणित. त्यातही माझं निम्मं आयुष्य कन्सेशनमध्ये जातं. म्हणजे तिकडे युरोपात असेंब्ली लाइनवर कुणाचं तरी ड्रिल सरकतं, भोक कडेच्या फार जवळ पडतं नाहीतर मोठं होतं, मग हा पार्ट वापरायचा की रिपेअर करायचा की भंगारात टाकायचा याचा कागद आमच्याकडे येतो, आणि विमान लाइनवर अडकलेलं असल्यामुळे उत्तर "कालच" हवं असतं. कडेपासूनचं अंतर भोकाच्या व्यासाच्या दुप्पट हवं, हा आमचा पहिला पाढा. दीडपट आलं की घाम फुटतो. हिशोब मी करतो, सही तिकडच्या साहेबाची असते.

तर झालं असं की रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो आणि भाऊजी (बँकेत चीफ मॅनेजर) सगळ्यांसमोर म्हणाले, "तू काय जन्मभर दुसऱ्यांनी पाडलेली भोकं मोजणार का रे, एमबीए कर, वर जे बसतात ते सगळे एमबीएच असतात." बाबा लगेच म्हणाले इंजिनिअरने इंजिनिअरिंग सोडलं की ना इकडचा ना तिकडचा. पुढे दोघांचं जे सुरू झालं ते मठ्ठा संपेपर्यंत चाललं, मी आपला गप्प.

मला काय बोइंगचा सीईओ व्हायचं नाहीये (झालो तर नाही म्हणणार नाही 😄) पण खरंच उत्सुकता आहे की या विमान बनवणाऱ्या कंपन्यांत, म्हणजे एअरलाइन नाही, बनवणाऱ्या, टॉपला जे लोक पोचले ते कुठल्या वाटेने पोचले? इंजिनिअर होते, सीए होते, सेल्सवाले होते? आणि माझ्यासारख्याने पुढची पाच वर्षं कशात घालवावीत? जाणकारांनी प्लीज लिहा.

शेंगोळे

सोप्पं आहे भावा. इंजिनिअर होते तोवर बोइंग बोइंग होती, १९९७ ला मॅकडॉनल डग्लस ही विमानं बनवणारी दुसरी कंपनी गिळली आणि त्यांच्याकडची आकडेमोडवाली मंडळी डोक्यावर येऊन बसली, २००१ ला हेडऑफिस सिॲटलमधून उचलून शिकागोला नेलं, कारखान्यापासून सतराएकशे मैल लांब, पुढे काय झालं ते जगाने बघितलं, ७३७ मॅक्सचे दोन अपघात, ३४६ माणसं गेली, मग २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दरवाजाच्या जागी लावलेला तुकडा हवेत निघून गेला. त्यामुळे भाऊजींना सांग, वर एमबीए बसतात हे बरोबर आहे आणि तोच प्रॉब्लेम आहे.

पावसाळी_सिॲटल

शेंगोळे, ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की आता आमच्या इथल्या गणपतीच्या स्टेजवर नाटक म्हणून बसवता येईल. थोडी खरी आहे, पण पूर्ण नाही. मी २४ वर्षं या धंद्यात आहे, एव्हरेटच्या (बोइंगचा मोठा कारखाना आहे तिथल्या) आसपास, कंपनीचं नाव लिहीत नाही. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी बिल ॲलन. १९४५ मध्ये बोइंगचा प्रमुख झाला. वकील होता, हार्वर्डचा लॉ ग्रॅज्युएट, विमानातला नट की बोल्ट माहीत नसलेला माणूस. पण १९५२ मध्ये गिऱ्हाईकाची एकही ऑर्डर हातात नसताना कंपनीचे स्वतःचे सोळा मिलियन डॉलर जेटच्या नमुन्यावर लावले ते यानेच, त्या नमुन्यातून ७०७ निघालं. आणि १९६६ मध्ये पॅनॅम एअरलाइनचा प्रमुख हुआन ट्रिप याच्या शब्दावर ७४७ ला हो म्हणणाराही हाच. ७४७ ने कंपनी जवळजवळ बुडवली होती ती गोष्ट वेगळी, नंतर टी विल्सनच्या काळात (हा इंजिनिअर बरं का) इतके लोक कमी केले की १९७१ मध्ये सिॲटलमध्ये पाटी लागली होती, शहर सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे घालवावेत. तर सर्वात मोठे दोन जुगार खेळला तो वकील.

आता शिकागोला हेडऑफिस कुणी नेलं? फिल कॉन्डिट. पक्का एरोनॉटिकल इंजिनिअर, १९६५ पासून बोइंगमध्ये, ७७७ प्रोग्रामचा पहिला प्रमुख. मॅकडॉनल डग्लस विकत घेणाराही तोच. आणि तिकडून आलेला हॅरी स्टोनसायफर, ज्याला सगळे आकडेमोडवाला म्हणून शिव्या घालतात, तो शिकलेला फिजिक्स, सुरुवात लॅब टेक्निशियन म्हणून. डेनिस म्युलेनबर्ग, ज्याच्या काळात मॅक्स पडलं, तो आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा, एरोस्पेस इंजिनिअर, १९८५ ला इंटर्न म्हणून आला आणि तीस वर्षांनी सीईओ झाला. डिग्री बघून माणूस ओळखता आला असता तर म्युलेनबर्गसारखा उमेदवार शोधून सापडला नसता.

मग फरक कशाने पडला? माझ्या मते (मत आहे, भांडायला मोकळे) दोन गोष्टींनी. एक, म्युलेनबर्ग वाढला डिफेन्सच्या बाजूला. तिथे गिऱ्हाईक एक, सरकार, आणि पुष्कळ कॉन्ट्रॅक्टांत खर्च वाढला तरी तो सरकारच भरतं. प्रवासी विमानात गिऱ्हाईकं शंभर, आणि विमान वीस वर्षं रोज सहा वेळा उतरणार. दुसरं, मॅक्स करायचं हा निर्णय २०११ चा, मॅकनर्नीच्या काळातला. मॅकनर्नी म्हणजे येल, हार्वर्डचा एमबीए, प्रॉक्टर अँड गॅम्बल, मॅकिन्झी, जीई (जनरल इलेक्ट्रिक), तिथे प्रमुख जॅक वेल्शच्या खुर्चीच्या शर्यतीत इमेल्टकडून हरला, मग थ्रीएम, मग २००५ मध्ये बोइंग. नवीन विमान न करता जुन्यालाच नवीन इंजिन लावायचं त्याच्या काळात ठरलं, फळं म्युलेनबर्गच्या पदरात पडली. जीईवरून आठवलं, स्टोनसायफर जीईतून आलेला, मॅकनर्नी जीई, नंतरचा कॅल्हून पण जीई (२६ वर्षं, शिक्षण अकाउंटिंगचं). आमच्याकडे कॅन्टीनमध्ये लोक म्हणायचे विमान आपण बनवतो आणि साहेब जीई बनवते.

ज्याच्याबद्दल इथे सगळे अजून हळहळतात तो माणूस ॲलन मलाली. १९६९ मध्ये कॅन्ससच्या युनिव्हर्सिटीतून सरळ बोइंगमध्ये, मग जवळजवळ प्रत्येक जेटवर काम, कॉन्डिटनंतर ७७७ चा प्रमुख, पुढे सगळ्या प्रवासी विमानांचा प्रमुख. दोनदा सीईओपदाने हुलकावणी दिली, २००३ ला स्टोनसायफर आणि २००५ ला मॅकनर्नी. वैतागून (असं मी म्हणते, तो नाही म्हणाला) २००६ मध्ये फोर्डमध्ये गेला, गाड्यांच्या कंपनीत! आणि तिथे नेलं काय, तर ७७७ च्या मीटिंगची सवय. दर आठवड्याला सगळ्या साहेबांनी आपापल्या कामाचा तक्ता आणायचा, हिरवा पिवळा लाल. फोर्ड त्या वर्षी अब्जावधी डॉलर तोट्यात आणि तक्ते सगळे हिरवेगार. काही आठवडे असंच चाललं, मग मार्क फील्ड्स नावाच्या एका साहेबाने एका गाडीच्या लाँचपुढे लाल रंग दाखवला, खोलीत सगळे चिडीचूप, आता याची नोकरी जाणार म्हणून, आणि मलालीने टाळ्या वाजवल्या. पुढच्या काही आठवड्यांत सगळे तक्ते इंद्रधनुष्य झाले. ही सवय त्याला कॉलेजात नाही लागली, विमानाचा अख्खा प्रोग्राम अंगावर घेतल्यावर लागली, कारण पंख उशिरा आले की धड येऊन बसून राहतं आणि खोटा हिरवा फार दिवस लपत नाही.

तर बाळा, डिग्रीचा वाद सोड. वर जाणाऱ्यांच्या आयुष्यात एक गोष्ट जवळजवळ नेहमी दिसते, तिशी-पस्तिशीत कधीतरी ते आपल्या विषयातून बाहेर पडून एका पूर्ण वस्तूचे धनी झाले. छोटी का असेना, पण पूर्ण. नुसतं तांत्रिक राहून मोठं होता येतं, बोइंगमध्ये टेक्निकल फेलोची वेगळी शिडी आहे, मान आहे, पगार आहे, पण ती शिडी त्या खोलीत जात नाही.

आणि एक कडू गोष्ट सांगते, कुणी सांगत नाही. अमेरिकेत डिफेन्सच्या कामाला ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व लागतं, गुप्त कामाला नागरिकत्वच. मोठ्या साहेबांची वाट बऱ्याचदा डिफेन्समधून जाते. माझ्या एका जुन्या कंपनीत मला एका चांगल्या जागेवरून याच कारणाने बाजूला ठेवलं, ग्रीन कार्ड रांगेत होतं तेव्हा, नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत माझ्या बरोबरचे कुठे गेले ते मोजत बसले नाही. (मोजलं, खरं सांगायचं तर.)

शेंगोळे

ताई, मान्य, वकिलाचं माहीत नव्हतं. पण कॅल्हूनबद्दल मी माघार घेणार नाही. २००९ पासून बोर्डावर बसलेला माणूस, मॅक्सचा निर्णय झाला तेव्हा बोर्डावर, अपघात झाले तेव्हा बोर्डावर, आणि सफाई करायला परत तोच.

पावसाळी_सिॲटल

त्याच्याबद्दल तू म्हणशील ते 😄 आता आलेला ऑर्टबर्ग मेकॅनिकल इंजिनिअर आहे, रॉकवेल कॉलिन्समध्ये प्रोग्राम मॅनेजरपासून सीईओपर्यंत गेलेला, रिटायर झालेला होता, ६४ व्या वर्षी ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि सिॲटलमध्ये राहायला आला, इथल्या लोकांना त्याचंच जास्त अप्रूप. पाच आठवड्यांत ३३ हजार कामगार संपावर. स्वागत म्हणजे स्वागत.

तुलूझचा_तात्या

सिॲटलवाल्यांनी सगळी जागा खाल्ली, आता आमच्याकडे या.

एअरबसमध्ये प्रश्न इंजिनिअर की एमबीए असा नसतोच, प्रश्न असतो फ्रेंच की जर्मन, आणि फ्रेंच असेल तर कुठल्या शाळेतला. इथे एकोल पॉलिटेक्निक म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळणार नाही, आपल्याकडे आयआयटी आणि आयएएस एकत्र केलं आणि वर थोडं पेशवाईचं वारं घातलं तर साधारण तसं. तिथून पोरं सरकारात जातात, सरकारातून कंपनीत येतात. लुई गालवा बघा, तो पॉलिटेक्निकचा नाही, एचईसी आणि ईएनए या तशाच बड्या शाळांचा, पण वाट तीच, सरकार, मग स्नेक्मा (इंजिनवाले), एरोस्पाशियाल (विमानवाले), मग दहा वर्षं फ्रेंच रेल्वेचा प्रमुख, आणि २००६ मध्ये एअरबस पेटल्यावर आग विझवायला याला बोलावलं. रेल्वेतून विमानात, कुणाला काही वाटलं नाही.

ती आग काय होती ते स्ट्रेसवाल्याला आवडेल. ए३८० मध्ये पाचशे किलोमीटरच्या वर वायर आहे. हॅम्बुर्गमधले लोक कॅटियाचं (डिझाइनचं सॉफ्टवेअर) जुनं व्हर्जन वापरत होते, तुलूझवाले नवीन. हॅम्बुर्गहून वायरींचे गुच्छ करून आले आणि इथे बसवायला गेले तर आखूड पडायला लागले. वायर! जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान आणि वायर पुरेना. विमान दोन वर्षं लांबलं, २००६ च्या उन्हाळ्यात वरचे दोन साहेब गेले, मग बाहेरून क्रिस्टियान स्ट्राइफला आणलं, काच बनवणाऱ्या साँ-गोबाँमधला. त्याने खर्चकपातीचा प्लॅन केला, मला हात मोकळे द्या म्हणाला, दिले नाहीत, शंभरेक दिवसांत राजीनामा देऊन गेला आणि पुढे प्यूजो-सित्रोएनचा प्रमुख झाला. त्या काळात मूळ कंपनीला एक फ्रेंच आणि एक जर्मन असे दोन दोन सीईओ होते, २००७ पर्यंत. आमच्याकडच्या मंडळात दोन अध्यक्ष झाले होते तेव्हा वर्षभर स्नेहसंमेलन झालं नाही, आणि हे लोक विमानं बनवत होते.

सध्याचा गियोम फोरी हा मला व्यक्तिशः आवडणारा प्रकार. पॉलिटेक्निक, मग सुपाएरो (विमानविद्येची शाळा), सुरुवात हेलिकॉप्टरचा फ्लाइट टेस्ट इंजिनिअर म्हणून, म्हणजे कागदावर नाही, यंत्रात बसून. मग युरोकॉप्टर, मग चार वर्षं प्यूजोमध्ये, मोटारीत, तिथे संशोधनाचा प्रमुख होता, मग परत येऊन हेलिकॉप्टर विभागाचा सीईओ, २०१८ मध्ये प्रवासी विमानं, २०१९ मध्ये सगळी कंपनी. ते प्यूजोचं वळण लक्षात घे. वर्षाला सातआठशे विमानं काढायची म्हणजे मोटारवाल्यांसारखी लाइन चालवावी लागते, आणि ते विमानवाल्यांना येत नाही.

आणि सेल्सवाला विचारलास म्हणून, जॉन लेही. अमेरिकन! पायपर नावाच्या छोट्या विमानांच्या कंपनीतून १९८५ मध्ये एअरबसच्या अमेरिकेतल्या ऑफिसात आला, तेव्हा अमेरिकेत एअरबस म्हटलं की लोक बस कुठली विचारायचे. १९९४ पासून सगळ्या कंपनीच्या विक्रीचा प्रमुख, २०१८ ला रिटायर. बोइंगच्या बरोबरीने निम्मं मार्केट घ्यायचं हे त्याने बोलून दाखवलं तेव्हा लोक हसले होते, आणि घेतलं. पण सीईओ झाला नाही, आणि कुणी करेल असंही वाटलं नाही. त्याच्या जागी रोल्स रॉइसहून माणूस आणला, तो वर्षभरही टिकला नाही. मग आला क्रिस्टियान शेरर, १९८४ पासून एअरबसमध्ये, वडीलही एअरबसच्या टेस्ट फ्लाइटवाल्यांतले, म्हणजे घरातलंच पोर. मधे दोन वर्षं त्याला एटीआरचा सीईओ केलं, छोटी पंख्याची विमानं, आपल्याकडे इंडिगो कोल्हापूर-नाशिकसारख्या ठिकाणी वापरते ती. सिॲटलताई म्हणतात तेच, छोटी पण पूर्ण वस्तू. त्यानंतर तो विक्रीप्रमुख आणि २०२४-२५ मध्ये प्रवासी विमानांचा सीईओ. त्याच्या नंतरचा लार्स वॅगनर इंजिनवाल्या एमटीयूचा सीईओ होता.

भारतीयांबद्दल विचारशील तर इथे इंजिनिअरिंगच्या मधल्या फळीत आपले पुष्कळ आहेत. वरच्या मजल्यावर अजून फ्रेंचच बोलतात, आणि इंग्रजी मीटिंग संपल्यावर कॉफीच्या मशीनपाशी खरा निर्णय होतो तो फ्रेंचमध्ये. मी सात वर्षं तिथे नुसता कॉफी पीत होतो, आठव्या वर्षी फ्रेंचची बी२ परीक्षा पास झालो, तेव्हा कळलं की आपण किती गोष्टींना उगाच मान हलवत होतो.

खतावणी

सीए आहे, विमानाशी संबंध फक्त खिडकीची सीट. पण अकाउंटवाल्यांना इतकं बदडताय म्हणून लिहितो.

या धंद्याचा हिशोब कुणी समजावून घेतलाय का? बोइंग प्रोग्राम अकाउंटिंग वापरते. म्हणजे पहिली शंभर-दोनशे विमानं बनवायला जो भयंकर खर्च येतो (लोक शिकत असतात, चुका होतात, तुमची ती भोकं) तो त्या त्या विमानावर न टाकता पुढे बनतील अशा हजार-बाराशे विमानांवर पसरवायचा. ७८७ चा असा पुढे ढकललेला खर्च २०१५ च्या सुमाराला २८ अब्ज डॉलरच्या वर गेला होता. म्हणजे विमान रोज हवेत, ताळेबंदात मात्र २८ अब्जाचा डोंगर, आणि तो उतरणार कधी तर विमान बनवायचा खर्च दरवर्षी घटत गेला तर. हे ज्याला कळत नाही तो कितीही मोठा इंजिनिअर असू दे, त्याला मी अख्खी कंपनी देणार नाही.

त्यामुळे स्टेफनी पोप यांच्यासारखी माणसं वर येतात त्यात मला काही चुकीचं दिसत नाही. १९९४ पासून बोइंगमध्ये, फायनान्समधून वर आल्या, सर्व्हिसेसचा विभाग चालवला, २०२४ मध्ये आधी सीओओ आणि तीनच महिन्यांत प्रवासी विमानांच्या प्रमुख. अकाउंटवाला वर आला यात दोष नाही, अकाउंटवाला कारखान्यात गेलाच नाही यात दोष आहे. आमच्याकडे स्टॉक ऑडिटला पोरं पाठवतो ना, गोडाऊनमध्ये जाऊन पोती मोजायला. नाक मुरडतात. पण ज्याने पोती मोजली त्याला नंतर कागद बघून कळतं कुठे पाणी मुरतंय.

पावसाळी_सिॲटल

+१. पोती मोजण्यावरून, रे कॉनर राहिला की. १९७७ मध्ये ७२७ वर मेकॅनिक म्हणून लागला, तासावर पगार, युनियनचा मेंबर. मग संध्याकाळचं वगैरे शिकत एमबीए केलं, मटेरियल, सेल्स असं करत २०१२ मध्ये प्रवासी विमानांचा सीईओ. भाऊजींना हे दाखव, एमबीए पण आहे. पण आधी पाना.

मिहानवाला

नागपूरहून. मी विमान बनवत नाही, उघडतो आणि परत लावतो. एवढ्या मोठ्या मोठ्या लोकांची नावं वाचून मजा आली, आता जरा जमिनीवर.

आमच्या मिहानमध्ये एअर इंडियाचं मेंटेनन्सचं जे हँगर उभं राहिलं ते बोइंगने बांधून दिलेलं, एअर इंडियाने ६८ बोइंग घ्यायची ठरवली त्या सौद्यातलं. त्या काळात बोइंगच्या बाजूने भारतातली विक्री सांभाळत होते ते डॉ. दिनेश केसकर. बोइंग इंडियाचे अध्यक्ष, नंतर आशिया-पॅसिफिक आणि भारताच्या विक्रीचे सिनियर व्हाइस प्रेसिडेंट. पीएचडी एरोस्पेसची, म्हणजे मूळ इंजिनिअर, नाव काढलं विक्रीत. तर बाप्पा, आपल्यातला माणूस इतक्या वर गेला तो डिझाइनच्या खुर्चीतून नाही, गिऱ्हाईकाच्या ऑफिसातल्या सोफ्यावरून गेला, आणि गिऱ्हाईक इकडचं होतं म्हणून त्याचं इकडचं असणं कामाला आलं. हे गणित आता आणखी मोठं झालं ना, एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानं मागवली, इंडिगोने त्याच वर्षी एका झटक्यात ५००. ज्याचं गिऱ्हाईक मोठं त्याची भाषा चालते.

बाजूलाच टाटांच्या कारखान्यात ७८७ च्या फ्लोअर बीम बनतात, कार्बन फायबरच्या. तिथली पोरं आणि तुमची हिंजवडीची पोरं यात फरक काय सांगू का? तुमचं पोरगं मला फोनवर विचारतं, "सर, त्या भागात हात जातो का?" अरे स्क्रीनवर बघून नाही कळत? नाही कळत. एकदा एक रिपेअर ड्रॉइंग आलं होतं, गणित एकदम बरोबर, फक्त तो रिव्हेट मारायला माणसाचा हात कोपरापासून उलटा वाकायला पाहिजे होता. आम्ही तो कागद हँगरात चिकटवून ठेवला होता, येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायला.

राग नको मानू. पण सहा महिने कुठल्या तरी हँगरात काढ, उन्हाळ्यातले. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा असतो, फ्यूल टँकमध्ये शिरायच्या आधी माणूस देवाचं नाव घेतो. मग एमबीए कर नाहीतर भजनी मंडळ काढ.

चहा_बिस्कुट

सगळे बोइंग-एअरबस करताय, एम्ब्राएर राहिली. ओझिरेस सिल्वा, ब्राझीलच्या एअरफोर्सचा पायलट, नोकरीत असतानाच त्यांच्या तांत्रिक संस्थेत जाऊन इंजिनिअर झाला, १९६९ मध्ये सरकारी कंपनी म्हणून एम्ब्राएर उभी केली आणि १९८६ पर्यंत चालवली. मग पेट्रोब्रासचा, म्हणजे तेल कंपनीचा प्रमुख. १९९१ मध्ये कंपनी मरायला टेकली तेव्हा परत आला, आणि स्वतः उभी केलेली सरकारी कंपनी खासगी करायला स्वतःच जोर लावला, १९९४ मध्ये झाली. आज स्टार एअरची जी विमानं कोल्हापूरला उतरतात ती याच कंपनीची. पायलट, इंजिनिअर, सरकारी बाबू, तेलवाला, सगळं एकाच माणसात, आता याला कुठल्या कप्प्यात टाकणार?

एज_डिस्टन्स

बापरे, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं सगळं, बायकोलाही वाचायला लावलं.

मिहानवाले काका, राग नाही, पण ते उलट्या कोपराचं ड्रॉइंग आमच्या ऑफिसातलं नव्हतं ना हे विचारायची हिंमत होत नाहीये. कारण मी आजपर्यंत खरं विमान फक्त प्रवासी म्हणून बघितलंय. साडेपाच वर्षं फ्रेम मोजतोय, हात एकदाही लागलेला नाही. हे लिहितानाच कसंतरी वाटतंय.

एक गोष्ट आधी लिहिली नव्हती. आमच्याकडे हॅम्बुर्गची एक ऑनसाइट जागा निघालीय, दोन वर्षं, लाइनवर बसून कन्सेशन बघायचे, म्हणजे भोक पडलं की स्वतः जाऊन बघायचं आणि मेकॅनिकशी बोलून तिथल्या तिथे काय ते ठरवायचं. पगारात फार फरक नाही, शिफ्ट आहे, पहाटे सहाची पण. मी नको म्हणणार होतो, कारण एमबीएची तयारी अर्धी झालीय आणि तिथे गेलो की ते बोंबलणार, शिवाय मॅनेजर म्हणतो ऑनसाइट गेलेला माणूस परत आला की त्याची लीडची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. फॉर्म भरायची तारीख शुक्रवार आहे.

तात्या, जर्मन किती दिवसांत येते हो कामापुरती?

तुलूझचा_तात्या

कामापुरती सहा महिने. कॉफीच्या मशीनपाशी लागते ती, तुझ्यावर आहे. पण हॅम्बुर्गच्या लाइनवरचे मेकॅनिक इंग्रजी बोलतात, फक्त शिव्या जर्मनमध्ये देतात, त्या आधी शिक म्हणजे तुझ्या ड्रॉइंगबद्दल काय मत आहे ते कळेल.

खतावणी

एमबीएची फी आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार एका कागदावर मांड, शेजारी हॅम्बुर्गचं घरभाडं. भाऊजींना फोन कर, बँकवाले आहेत, हिशोब ते पण चांगला करतील. एमबीए पस्तिशीत पण होतं, लाइनवर पहाटे सहाला उभं राहणं पस्तिशीत पोरंबाळं झाल्यावर होत नाही.

मिहानवाला

ते ड्रॉइंग तुमच्याकडचंच होतं का हे सांगणार नाही. पण कोपऱ्यात "पुणे" लिहिलं होतं.

एज_डिस्टन्स

😭😭

फॉर्म भरला. भाऊजींना अजून सांगितलं नाहीये, या रविवारी परत जेवायला बोलावलंय. आत्ता रात्रीचे साडेदहा, कॉल चालू आहे, एका फ्रेमवर भोक सरकलंय, कडेपासून १.६ पट. तिकडचा माणूस विचारतोय, "जागेवर जाऊन कुणी बघितलंय का?"

मिहानवाला

मग, काय सांगितलं?